दारावरची गांधील

मागच्या अंकात माझ्या मधमाश्यांच्या पाच पेट्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पंधरा दिवसांत २६ पत्रं आली. त्यातल्या १९ पत्रांत गांधीलमाशी आहे. बहुतेकांनी तिला शिव्या घातल्यात, दोघांनी तिला मारायचे उपाय कळवलेत. (त्यातला एक असा आहे, की गांधील मरेल न मरेल, गवताची गंजी नक्की पेटेल.) सगळी पत्रं घेता येणार नाहीत. ३२ वर्षं हायस्कूलला जीवशास्त्र शिकवलंय, तेव्हा एखादं उत्तर तासाएवढं लांबलं तर घंटा झाली असं समजा आणि पुढच्या प्रश्नावर जा.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं माहेर पाटगावकडचं. भावानं सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आणून दिल्या, त्या गारगोटीजवळ आमच्या वस्तीवर ठेवल्यात. गणपती गेल्यापासून एक मोठी काळी गांधील रोज सकाळी पेटीच्या दारासमोर हवेत थांबते आणि आत शिरणारी माशी झडप घालून नेते. सासरे म्हणतात, यांचं पिढीजात वैर आहे, भावकीचं भांडण आहे, आपण मधे पडू नये. खरं काय? आणि मी काय करू?
— एक वाचक, भुदरगड तालुका

ताई, सासऱ्यांना नमस्कार सांगा. भावकी म्हणाले ते अगदी खरं. वैर म्हणाले तिथं मात्र माझं मत थोडं वेगळं आहे.

मधमाश्या मुळात गांधिलींच्याच घरातल्या. साधारण १२ कोटी वर्षांपूर्वी, फुलझाडं नुकती पसरत होती तेव्हा, शिकारी गांधिलींच्या एका शाखेनं पिलांना किडे भरवायचं सोडलं आणि फुलांचे पराग भरवायला सुरुवात केली. प्रथिनं लागायचीच, ती आता परागातून मिळू लागली. आमच्या गल्लीत एका घरी थोरल्यानं माळ घातली, मटण बंद केलं, आणि सहा महिन्यांत चूल वेगळी झाली. तसंच हे. फक्त इथं जुन्या घरातली मंडळी मटण खातात ते खातात, वर त्यांच्या ताटात अधूनमधून माळकरी भाऊबंदही येतात.

तुमच्याकडं येते ती काळी असेल आणि पोटाच्या पुढच्या भागावर एकच रुंद पिवळा पट्टा असेल, तर ती व्हेस्पा ट्रॉपिका. गंमत अशी, की हिचं मुख्य खाणं मधमाशी नाहीच. खिडकीच्या गजाला राखी रंगाचं कागदी पोळं लटकवणाऱ्या लहान गांधिली असतात ना, त्यांची पोळी फोडून आतल्या अळ्या न्यायच्या हा हिचा खरा धंदा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या लहान गांधिलीवर कित्येक दशकं काम केलंय. ही मोठी आली की त्या लहान गांधिली लढायच्या भानगडीतही पडत नाहीत. पोळं सोडून बाजूला बसतात, ती गेली की परत कामाला लागतात. म्हणजे भावकीतला जास्तीचा मार जवळच्या भाऊबंदांनाच. मधमाशी तिला सोयीची पडते, एवढंच. हजारो माश्या एकाच भोकातून ये-जा करतात असं ठिकाण आपणच तिला आयतं करून दिलंय. बाजाराच्या दिवशी स्टँडच्या दारात पाकीटमार उभा राहतो, त्याचं काही प्रवाशांशी वैर नसतं.

ती नेलेल्या माशीचं काय करते हे गेल्या आश्विनात मी पाट टाकून बघत बसले होते. पेटीपासून पाच पावलांवर पेरूचं झाड आहे. गांधील माशी घेऊन तिथं गेली, मागच्या एका पायानं फांदीला उलटी लोंबकळली आणि बाकीच्या पायांत माशी धरून तिला सोलायला लागली. आधी डोकं खाली पडलं. मग पंख, गिरक्या घेत. मग पाय, मग पोट. पोटात तर मध होता, तोही तिनं टाकला. उरला तो फक्त छातीचा तुकडा. पंख हलवणारे स्नायू तिथं असतात, म्हणजे निव्वळ मांस. ते चावून चावून तिनं त्याचा बाजरीच्या दाण्याएवढा मऊ गोळा केला आणि उडाली. मी घड्याळ लावलं होतं : सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा नाहीत. दहा मिनिटांनी परत हजर.

हा गोळा तिच्या स्वतःसाठी नव्हता. गांधिलीची कंबर इतकी बारीक, की घट्ट घास तिच्यातून खाली उतरतच नाही. मांस जातं अळ्यांना, आणि अळ्या त्या बदल्यात तिला गोडसर लाळ देतात, तीच ती पिते. पोरांना जेवू घालून त्यांच्या ताटातलं निवळ प्यायचं.

आता तुमच्या सातेरीकडं वळू. ती गरीब दिसते, पण ह्या गांधिलींच्या सहवासात लाखो वर्षं काढलेली माशी आहे. गांधील दारासमोर आली की दारावरच्या रखवालदार माश्या एकत्र पोट हलवायला लागतात, बघा उद्या. 'तू दिसलीस आम्हाला' असा तो इशारा असतो. शिकारी जनावराचा अर्धा जोर अचानकपणात असतो. आपण दिसलो हे कळल्यावर बरेचदा ती परत फिरते. एवढं करूनही गांधील फळीवर उतरलीच, तर मग सातेरी जे करते ते पाहायला मिळणं नशिबात लागतं. मला ते दोनदा मिळालं.

दुसऱ्या वेळी मी हातभर अंतरावर होते. गांधिलीनं फळीवर पाय टेकले आणि दारातून माश्यांचा लोंढाच तिच्यावर पडला. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिथं बुंदीच्या लाडवाएवढा माश्यांचा गोळा, आणि आतून बारीक घुंऽऽ असा आवाज. मी हाताची मागची बाजू जवळ नेली, तर चुलीतल्या राखेवर धरावी तशी ऊब. डसत नव्हत्या, नुसत्या थरथरत होत्या. उडायचे स्नायू चालवायचे पण पंख हलवायचे नाहीत, अशी ती थरथर, आणि त्यातून उष्णता. जपानी संशोधकांनी १९९५ साली मोजून दाखवलं, की तिथल्या सातेरीच्या बहिणीच्या गोळ्यात तापमान ४७ अंशांपर्यंत चढतं. तिथली गांधील ४४ ते ४६ अंशांच्या दरम्यान मरते, मधमाशी ४८ ते ५० अंशांपर्यंत तग धरते. दोनचार अंशांच्या त्या फटीत हा सगळा खेळ. वर इतक्या जणींच्या श्वासानं आतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तोही गांधिलीला झेपत नाही. माझ्याकडचा गोळा पाऊण तासानं सुटला. फळीवर गांधील पडली होती, कुठं जखम नाही, पंख जागेवर, आणि तिच्याशेजारी माझ्या सहा माश्याही मेलेल्या. अशा गोळ्यात एकदा शिरून वाचलेल्या माश्या पुढं कमी दिवस जगतात, आणि पुढच्या गोळ्यात शिरायला त्याच आधी धावतात, असंही जपानातच आढळलंय.

ही विद्या सगळ्या मधमाश्यांना येत नाही, हे मी पैसे मोजून शिकले. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी दारात आला. 'बाई, सातेरी देऊन देऊन किती मध देणार? ह्या मेलिफेरा घ्या.' खोटं नव्हतं. ही युरोपची माशी मध जास्त देतेच. १९६२ साली आजच्या हिमाचलमधल्या नगरोटा इथं ती आपल्या देशात नीट रुजवली, तेव्हापासून उत्तरेत तिच्यावरच धंदा उभा आहे. मी दोन पेट्या घेतल्या. गांधिलीबद्दल तो एक शब्द बोलला नाही आणि मीही विचारलं नाही, जीवशास्त्राची बाई असून. भाद्रपदात पहिली काळी गांधील आली. मेलिफेरा शूर असते. एकेकटी अंगावर जाते, डंख मारायला बघते, आणि गांधिलीच्या चिलखतावर डंख चालत नाही. एक गेली, दुसरी गेली, रांग लावून गेल्या. मी दोन दिवस पुतण्याच्या लग्नाला गेले होते. परत आले तर एका पेटीच्या दारात पंखांचा थर, आणि आतल्या पिलाव्यात, म्हणजे अळ्यांच्या घरांत, गांधिली फिरत होत्या. दुसरी पेटी कशीबशी वाचली, ती मी देऊन टाकली. शेजारी ठेवलेल्या सातेरीच्या पेट्यांना त्याच गांधिलींनी त्रास दिला, पण सातेरीनं त्यांना दारातून आत येऊ दिलं नाही.

तेव्हा सासऱ्यांचा 'मधे पडू नये' हा सल्ला निम्मा पाळा. पेटीचं दार लहान करा. युरोपात गांधिलींपासून बचावाला साडेपाच मिलिमीटर उंचीची फट ठेवतात. सातेरी तर मेलिफेराहून बारीक, ती आरामात जाईल, मोठी गांधील बाहेरच राहील. पेटीसमोरचं गवत काढा, म्हणजे तिला लपून बसायला जागा उरणार नाही. सकाळी तास-दीड तास जुनी बॅडमिंटनची बॅट घेऊन पेटीच्या बाजूला उभ्या राहा. समोर नाही, माश्यांच्या वाटेत येता. दहाबारा गांधिली पाडल्यात की फेऱ्या कमी होतात. गुळाच्या पाण्याचा सापळा पेटीजवळ लावू नका, त्यात तुमच्याच माश्या बुडतील. फवारा तर अजिबात नको. आणि दोन्हीपैकी कुठली पेटी अशक्त वाटली, आत माश्या चार फ्रेमही झाकत नसतील, तर तिच्याकडं जास्त लक्ष द्या. गोळा करायला मनुष्यबळ लागतं.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. काकवीच्या भांड्यावर मधमाश्या आणि गांधिली मांडीला मांडी लावून पितात, कोण कुणाला काही करत नाही. मग तुम्ही लिहिता ती शिकार कुठं गेली?
— एक गुऱ्हाळमालक, करवीर तालुका

मालक, बरं पकडलंत. वर सांगितलं तसं, मोठ्या गांधिलीला स्वतःला गोडच लागतं. मांस हवं असतं ते पोरांसाठी. काकवीवर बसलेली गांधील ही जेवायला आलेली गांधील, बाजाराला आलेली नव्हे. मधमाशीही परक्या दारात असते, राखायला तिथं तिचं काही नाही, म्हणून तीही हुज्जत घालत नाही. तीच गांधील अर्ध्या तासानं मटणाच्या दुकानात खिमा कातरताना दिसेल. कोल्हापूरची आहे, गूळही लागतो आणि मटणही.

तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. काईल उतरवल्यावर वाफ्यात ओतताना जितक्या मधमाश्या चिकटून मरतात तितक्या गांधिली मारत नाहीत. रसाच्या टाकीवर आणि मळीच्या पिंपावर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. गुळव्या कुरकुर करेल, दोन दिवसांनी स्वतःच बांधेल. गुळाच्या रव्यात माशीचा पंख निघाला की व्यापारी काय बोलतो हे त्याला ठाऊक आहे. आणि तुमच्या आसपास कुणी मधाच्या पेट्या ठेवत असेल तर गळिताच्या हंगामात त्याला पेट्या लांब न्यायला सांगा. माशी फुलांवर जायची सोडून रसावर येते, आणि पेटीत जे साठतं त्याला मध म्हणून विकणं बरोबर नाही.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. एक मधमाशी आणि एक गांधीलमाशी यांची कुस्ती लावली तर कोण जिंकेल?
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज

बाळा, मोठी गांधील असेल तर ती, आणि पहिल्याच डावात. वजन जास्त, जबडा करवतीसारखा, अंगावर टणक कवच, आणि नांगी कितीही वेळा वापरता येणारी. खासबागेच्या आखाड्यात ही जोड कुणी लावणार नाही.

पण एक गोष्ट तुला पुस्तकात चुकीची सांगितली असेल : मधमाशी डसली की मरते. माणसाला डसली तर मरते. तिच्या नांगीला उलटे काटे असतात, आपली कातडी लवचिक असते, काटे तिच्यात अडकतात आणि नांगी पोटातून तुटते. दुसऱ्या किड्याला डसली तर त्याच्या कडक कवचात काटे रुतत नाहीत, नांगी परत बाहेर येते आणि माशी जगते. एक प्रयोग सांगते, मात्र डंख खाऊन करू नको, वास घेऊनच कर : कुणाला मधमाशी डसली असेल तर त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो का ते बघ. तो डंखाबरोबर सुटणारा धोक्याचा वास असतो, आणि त्या वासावर बाकीच्या माश्या येतात. म्हणून एक डसली की तिथं थांबायचं नाही.

प्रश्न : पन्हाळ्यावर आग्या मोहोळ पाहिलं. लांबून पाहिलं, घाबरू नका. पोळ्यावरून काळ्या लाटा सरकत होत्या, पाण्यात दगड टाकल्यासारख्या. वाऱ्यानं होतं का ते?
— एक वाचक, वारणानगर

वारा नाही, गांधील असणार; पोळ्याच्या आसपास हवेत बारकाईनं पाहिलंत तर दिसली असती. आग्याचं पोळं उघडं. पेटी नाही, ढोली नाही, दार नाही. एकच मोठं पोळं आणि त्यावर माश्यांचा पडदा. गांधील जवळ आली की त्या बाजूच्या माश्या पोट झटक्यात वर उचलतात, त्यांचं पाहून शेजारच्या, त्यांचं पाहून पुढच्या, आणि सेकंदाच्या आत लाट पोळ्याच्या कडेपर्यंत जाते. खेळाच्या मैदानात प्रेक्षक उठून बसून करतात तशी. नेपाळमध्ये याचं चित्रण करून अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. गांधील जितकी जवळ आणि जितक्या वेगात, तितकी लाट मोठी, आणि लाटेनं ती खरोखर दचकून लांब होते. पोळ्यावरची माशी उचलायचा नाद सोडून ती मग हवेत एकटीदुकटी उडणारी शोधते. डंख न मारता, एकही माशी न गमावता शत्रू हातभर लांब ठेवायचा.

तुम्ही लांब उभे राहिलात ते उत्तम केलंत. गडावर फिरायला येणाऱ्यांत अत्तर लावून, बिडी ओढत, वर दगड भिरकावणारे महाभाग असतात. मोहोळ उठलं की मग सगळे पळतात, आणि ज्यानं दगड मारला तो सगळ्यांत पुढं.

प्रश्न : ताई, रंकाळ्याजवळ आमची सोसायटी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीवर गांधिलीचं लहान पोळं झालंय, तीसएक माश्या असतील. काही जण म्हणतात जाळून टाका, काही म्हणतात मध निघेल. मुलं लहान आहेत. काय करावं?
— एक गृहिणी, कोल्हापूर

मध निघणार नाही. ते मेणाचं पोळं नाही, कागद आहे : लाकडाचा भुसा कातरून, लाळेत कालवून केलेला. सहा बाजूंची घरं तेवढी दोघींची सारखी, पण तीही दोघींना वेगवेगळी सुचलेली. मधमाशीची घरं पोळ्याच्या दोन्ही अंगांना आडवी असतात, हिची एकाच अंगाला आणि तोंड जमिनीकडं.

जाळायचं म्हणाल तर माझा अनुभव सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यात असंच पोळं होतं. मुख्याध्यापकांना विचारलं नाही, काठीला चिंधी बांधली, रॉकेलात बुडवली आणि मुलांसमोर धीटपणा दाखवायला स्वतःच पुढं झाले. पोळं जळालं. पण ज्या बाहेर गेल्या होत्या त्या परत आल्या, आणि घर नाही म्हटल्यावर तिथंच घुटमळत राहिल्या. मला कानाच्या पाळीवर आणि मनगटावर असे दोन डंख बसले, व्हरांड्याचं तुळईचं लाकूड काळं पडलं ते शाळा पाडेपर्यंत तसंच होतं, आणि आठ दिवसांत दोन फुटांवर नवीन पोळं. ह्या माश्यांना पोळं गमवायची सवय असते. मोठी गांधील त्यांची पोळी फोडतच असते की.

खिडकी रोज उघडायची नसेल आणि मुलांचा हात पोचत नसेल, तर राहू द्या. तुमच्या कुंड्यांतल्या, खालच्या बागेतल्या अळ्या त्या उचलून नेतात. जाण्यायेण्याच्या वाटेवरच असेल तर माहीतगार माणसाला संध्याकाळी, सगळ्या परत आल्यावर, काढायला सांगा. स्वतः शिडी लावू नका.

प्रश्न : जपानची राक्षसी गांधील एका तासात अख्खं मोहोळ कापते असा व्हिडिओ मोबाइलवर फिरतोय. ती आपल्याकडं येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

व्हिडिओ खरा असू शकतो, तास थोडा कमी सांगितलाय. व्हेस्पा मँडारिनिया ही जगातली सगळ्यांत मोठी गांधील; तीसएक जणी मिळून मेलिफेराची तीस हजार माश्यांची वसाहत काही तासांत संपवतात. आपल्या देशात ती हिमालयाकडं आणि ईशान्येकडं आहे, सह्याद्रीत नाही. २०१९ साली ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सापडली होती. पोळी शोधून शोधून काढली आणि २०२४च्या डिसेंबरात तिथून संपल्याचं जाहीर केलं. सगळीकडं असं जमत नाही. तिची एक लहान नातेवाईक २००४च्या सुमारास चीनमधून आलेल्या मातीच्या भांड्यांतून फ्रान्समध्ये उतरली. तिच्या अनुवंशाच्या तपासणीवरून दिसतं, की बहुधा एकच राणी आली होती. आज युरोपातले कितीतरी देश तिनं व्यापलेत, आणि तिथली मधमाशी कुठली? मेलिफेराच.

व्हिएतनाममधली सातेरी त्या राक्षसिणीच्या जवळच्या बहिणीशी कशी निभावते ते मला जास्त आवडतं. तिथल्या माश्या कोंबडीची, डुकराची, म्हशीची विष्ठा तोंडात धरून आणतात आणि पेटीच्या दाराभोवती तिचे ठिपके लावतात. गांधील मग दाराशी फार वेळ थांबत नाही, दार चावून मोठं करायला धजत नाही. २०२०मध्ये हे प्रसिद्ध झालं. वाचल्यावर मी म्हशीच्या गोठ्याशेजारच्या पेटीचं दार महिनाभर तपासलं. माझ्या माश्यांनी काही सारवलेलं नव्हतं.

प्रश्न : डंखावर चुना लावावा, लोखंड घासावं की तुळशीची माती?
— अनेक वाचक

तिन्ही नको. चुन्यानं कातडी भाजते, लोखंड गार लागतं एवढाच त्याचा गुण, माती डंखाच्या भोकात कशाला? मधमाशीचं विष आम्ल आणि गांधिलीचं अल्क, म्हणून एकीला चुना आणि दुसरीला लिंबू, हे ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण विष कातडीखाली असतं आणि त्यात पुष्कळ घटक असतात, वरून लावून ते मरत नाही. मधमाशीची नांगी राहिली असेल तर ती ताबडतोब काढा, नखानं काढा नाहीतर बसच्या पासानं खरवडा. कशानं काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं, कारण विषाची पिशवी तुटल्यावरही पिळत राहते. मग गार पाणी, बर्फ. पण ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, दम लागणं, चक्कर येणं, यातलं एक जरी दिसलं, किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तर घरगुती काही न करता थेट दवाखाना. तिथं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागू शकतं. घरात दुचाकी असेल तर तिच्यावर रुग्णाला मागं एकटं बसवू नका, चक्कर येऊन पडतो.

प्रश्न : नर गांधील डसते का?
— एक वाचक, कागल

नाही, आणि नर मधमाशीही नाही. नांगी म्हणजे अंडी घालायच्या अवयवाचंच बदललेलं रूप, ती मादीलाच असते. नराच्या मिशा जरा लांब असतात, त्यावरून ओळखता येतो. मीही एकदा तसाच ओळखला होता आणि वर्गात मुलांना दाखवायला चिमटीत धरला होता. तो नर नव्हता.